पथकाबरोबर हिंडणाऱ्या मुलींचा देवधर्म
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला पाहुणीने काय बोलावे याचा एक ठरीव साचा आहे. मंडळाच्या वर्षभराच्या कामाची वाखाणणी करावी, स्त्रीशिक्षणावर दोन शब्द बोलावेत आणि टाळ्या घेऊन खाली बसावे. चिटणीसबाईंनी मात्र मला आधीच ताकीद दिली आहे की, यंदा तसे चालायचे नाही. मंडळापुढे एक अडचण उभी राहिली आहे, तिच्यावरच बोला. तेव्हा वाखाणणी झाली असे धरून चला. ती मनापासून आहे, एवढेच सांगते.

अडचण आपणा सर्वांना ठाऊक आहेच. आपल्या वस्तीतील मुलींच्या ढोल-लेझीम पथकाला श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याला कावडीच्या मिरवणुकीत वाजवण्याचे आमंत्रण आहे. तेथून पुढे शेगाव आणि आणखी दोन गावे करून पथक पाचव्या दिवशी अमरावतीला परतणार. आयांची सभा भरली, ती दोन तास चालली. मला वाटले होते की, वाद खर्चावर होईल, नाहीतर रात्रीच्या मुक्कामावर होईल. तो झाला देवधर्मावर. एकीच्या मुलीचे सोळा सोमवार चालू आहेत. एकीच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण नाही. एक मुलगी बौद्ध घरातली आहे. ती कावडीला येणार नाही, मग पथकातून तिचे नाव कमी होणार काय, असे तिच्या आईने उभे राहून विचारले. आणि ताशा सर्वांत चांगला वाजवणारी जी मुलगी, तिच्या आईने सभेला न येता शेजारणीजवळ निरोप धाडला की, आम्ही मुसलमान; आमची मुलगी आलेली चालेल का, एवढे विचारून सांगा. हा निरोप ऐकल्यावर सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही, असे मला कळले.

मी शाळेत एकोणतीस वर्षे शिकवले. त्यांतली बावीस वर्षे शाळेचा मुलींचा बँड माझ्या गळ्यात होता. साइड ड्रम, मोठा ढोल, बिगुल, बासऱ्या, झांजा आणि तीस-पस्तीस मुली घेऊन मी अकोला, नागपूर, खामगाव, जळगाव आणि दोनदा दिल्ली केली. संगीतातले मला फारसे कळत नाही. ते शिकवायला मास्तर होते. माझ्याकडे डबे, अंथरुणे, ताप आणि देव एवढी खाती होती. त्या अनुभवावरून जे सुचते ते सांगते.

प्रथम हे मनातून काढून टाका की, मुलींनी वाद्ये घेऊन गावोगाव हिंडणे हे आपल्याकडे काही परके आहे. भजन आणि चाल यांची जोडी वऱ्हाडाइतकी कोठे मुरलेली नसेल. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते, तिची परंपरा चारशेंहून अधिक वर्षांची सांगतात. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी निघते, ती अकोल्यावरूनच जाते. ती पाहिली नाही अशी बाई या सभेत नसावी. पताकाधारी, टाळकरी आणि सेवेकरी मिळून सुमारे ७०० वारकरी, पांढरे कपडे, सरळ ओळी, टाळ एकदम पडतो आणि पाऊलही एकदम पडते. पलटणीचे संचलन यापेक्षा निराळे काय असते? महिनाभर ही मंडळी पायी चालतात. काकडा, हरिपाठ, एकादशीचा उपास, सगळे वाटेतच होते. देवधर्म घरी ठेवून ते दौऱ्यावर निघत नाहीत, आणि देवधर्मासाठी दौरा थांबवीतही नाहीत.

बाहेरच्या मुलखाची सवयही अमरावतीला जुनी आहे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ येथे १९१४ साली निघाले, आणि १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी त्याचे पथक थेट बर्लिनला जाऊन कबड्डी आणि मल्लखांब दाखवून आले. त्या काळी समुद्र ओलांडून जाणाऱ्यांना घरच्या म्हाताऱ्यांनी काय काय ऐकवले असेल, याची कल्पना आपल्याला करता येते. आपल्याला तर फक्त बडनेऱ्याहून गाडी पकडायची आहे.

आता सोमवाराकडे वळू, कारण तारीख त्याच दिवसाची आहे. अकोल्याची कावड ही काय चीज आहे हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. रविवारी रात्री गांधीग्रामला पूर्णा नदीवर तरुणांची मंडळे जमतात, भरणे भरतात, आणि अठरा-वीस किलोमीटर अनवाणी चालत सोमवारी राजराजेश्वराला आणून जलाभिषेक करतात. १९४४ साली पाऊस रुसला तेव्हा लोकांनी पूर्णेचे पाणी आणून देवाला घातले आणि तेव्हापासून ही चाल पडली, असे अकोल्याचे लोक सांगतात. ढोल-ताशे रात्रभर आणि पुढे दिवसभर थांबत नाहीत. आपल्या मुली सगळी वाट चालणार नाहीत. शहरातल्या एका टप्प्यात वाजवणार आहेत. तरी तीन-चार तास होतील. कमरेला बांधलेला ढोल दहा किलोच्या आसपास भरतो. श्रावण असला तरी ढग फाकले की अकोल्याचे ऊन काय असते हे मी सांगायला नको. आणि त्यात मुलीचा सोमवार, म्हणजे पोटात सकाळपासून चहाखेरीज काही नाही.

माझ्या बँडमधील एक मुलगी अशीच एका १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणावर ड्रमसकट खाली आली. निर्जळी होती. आईने सांगितले म्हणून केली, आणि आईला ही गोष्ट ठाऊकच नव्हती की, त्या दिवशी संचलन आहे. तिची आजी दुपारी शाळेत आली. खेड्यातली बाई, नऊवारी, हातात काठी. मला वाटले, आता माझी कानउघाडणी होणार. पण ती सुनेकडे वळून म्हणाली, "पोट्टीले उपाशी ढोल वाजवाले लावतं अन् देवाचं नाव सांगतं? देवाले काय ठाऊक नाही का, तिनं काहून खाल्लं तं?" मला पुढे बावीस वर्षांत यापेक्षा चांगले शास्त्र कोणी सांगितले नाही.

आणि ते शास्त्राला सोडूनही नाही. आपल्या जुन्या आचारग्रंथांनीच घरी पूर्ण आचार, वाटेवर त्याच्या निम्मा, आणि आजाऱ्याला नियम नाही अशी सोय करून ठेवली आहे. आपल्या आज्या दशम्या का करीत? दुधात भिजवलेली दशमी प्रवासात सोवळ्याला चालते, म्हणून. दोन दिवस टिकते हा तिचा दुसरा गुण. म्हणजे सोवळे कडकडीत पाळणाऱ्या बायकांनीसुद्धा वाटेसाठी निराळा डबा शोधून काढला होता. मग आपण का अडावे? सोमवार करणाऱ्या मुलींनी तो खुशाल करावा, संध्याकाळी सोडावा. पण सकाळी वाजवण्याआधी साबुदाण्याची उसळ, भगर, शेंगदाण्याचा लाडू, केळे, ताक यांपैकी काही पोटात गेलेच पाहिजे आणि पाणी वरचेवर प्यायले पाहिजे. निर्जळी उपास त्या दिवशी कोणीही करू नये. ज्या मुलीला तो करायचाच असेल तिने त्या दिवशी ढोल उचलू नये, झेंडा धरावा. बिगुल-बासरी वाजवणारीला तर पाण्याशिवाय भागतच नाही. ओठ कोरडे पडले की सूर निघत नाही. हे नियम मी आमच्या बँडला घालून दिले होते, आणि एकाही देवाची तक्रार माझ्याकडे आली नाही.

येथे जाता जाता सांगते की, उपासाचा उपयोग मुली कसा करतात हेही मला चांगले माहीत आहे. उन्हातला सराव निघाला की ज्यांना एरवी चतुर्थी कधी येते हे ठाऊक नसते त्यांची संकष्टी निघते. अशा वेळी मी पंचांग पिशवीत ठेवीत असे.

रोज्याचेही तसेच. यंदा रमजान श्रावणात येत नाही, त्यामुळे हा प्रश्न आज उभा नाही; परंतु रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा पथक टिकले तर तो कधी ना कधी दौऱ्यात येणारच. इस्लाममध्ये प्रवाशाला रोजा मागे ठेवून नंतर तेवढे दिवस भरून काढण्याची मुभा कुराणातच दिलेली आहे, आणि प्रवासात नमाजही आखूड करता येते. ही सवलत घ्यायची की नाही हे त्या मुलीने आणि तिच्या घरच्यांनी ठरवायचे. आपण तिला "आता काय होते खायला" असे म्हणायचे नाही. आमच्या बँडमध्ये अचलपूरकडची एक मुलगी होती. तिने दिल्लीच्या प्रवासात रोजे सोडले नाहीत. सहेरीसाठी तिला पहाटे उठवायचे काम दोन हिंदू मुलींनी आपणहून अंगावर घेतले, आणि तिसऱ्या दिवसापासून त्या दोघी तिच्याबरोबर बसून तिच्या डब्यातले खाऊ लागल्या. भूक लागते म्हणे.

जेवणाचा प्रश्न मोठा वाटतो, पण तो आधी सांगितले की सुटतो, आयत्या वेळी सांगितले की पेटतो. जैन मुलींना दिवस मावळायच्या आत जेवायला हवे, जमिनीखालचे कंद नकोत. एखादीच्या घरी चातुर्मासात वांगे वर्ज्य असते. हे सगळे निघण्याच्या आठ दिवस आधी एका कागदावर आले पाहिजे. एरिक लिडेल नावाचा एक धावपटू होऊन गेला, स्कॉटिश. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची पहिली फेरी रविवारी होती. तो कडवा ख्रिस्ती. रविवार देवाचा, धावणार नाही म्हणाला. हे त्याने आयत्या दिवशी सांगितले नाही. वेळापत्रक कळताच सांगितले आणि चारशे मीटरची तयारी केली, आणि त्या शर्यतीत सुवर्णपदक घेतले. लोक त्याच्या निष्ठेचे गोडवे गातात, ते रास्तच आहे. बँडची बाई म्हणून मला त्याचे आधी सांगणे अधिक आवडते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती जेवणाची नाही. ती देवळाच्या पायरीची आहे.

पथक गावात गेले की यजमान मंडळी पहिल्यांदा देवळात नेतात. आरती होते, प्रसाद होतो, कुंकू लावतात. बहुतेक मुलींना हे हवेच असते. काहींना नको असते, आणि त्यांना ते उघड सांगता येत नाही. बौद्ध मुलीच्या घरी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या असतात. हिंदू देवतांची उपासना करणार नाही, असे त्यांत स्पष्ट आहे. तिला आरतीचे तबक धरायला लावणे म्हणजे तिच्या आजोबांना खोटे पाडणे होय. महानुभाव घरातली मुलगी, आणि रिद्धपूर तर आपल्याच जिल्ह्यात आहे, दुसऱ्या देवतेचा प्रसाद घेणार नाही. ती उद्धट म्हणून नाही. तिच्या पंथात एका परमेश्वरावाचून दुसरे दैवत नाही म्हणून. मुसलमान आणि ख्रिस्ती मुलींचे निराळे. आणि यांखेरीज आणखी एक मुलगी दर वेळी असतेच, जिची अडचण कुठल्याच धर्माची नसते. महिन्याची असते. घरी बाहेर बसायची सवय, इकडे आगगाडीच्या डब्यात बाजूला बसणार तरी कोठे? ती मैत्रिणीच्या कानात सांगते, मैत्रीण दुसरीच्या, आणि देवळाच्या दारात ती मान खाली घालून उभी राहते. भगिनींनो, आपण सगळ्या त्या दारात कधी ना कधी उभ्या राहिलो आहोत.

यावर मी एक साधी तोड काढली होती. वाद्ये देवळात नेता येत नाहीत. तीस वाद्ये आणि तीस जोडी चपला बाहेर राहतात. त्यांच्यावर पहारा हवा. तेव्हा मी असा नियम केला की, प्रत्येक देवळाबाहेर सहा जणींचा पहारा राहील. तिघींची नावे मी पाळीने काढीन, आणि बाकी तिघी आपणहून उभ्या राहतील. आपणहून का, हे कोणी विचारायचे नाही. मीही विचारणार नाही. पाळीच्या तिघींत मी मुद्दाम ब्राह्मण, मराठा, माळी अशा नित्य देवळात जाणाऱ्या मुली घालीत असे, म्हणजे पहाऱ्यावर कोण उभी आहे यावरून कोणाला काही ताडता येऊ नये. प्रसाद पहारेकरणींपर्यंत आला तर घ्यावा वा "नंतर घेते" म्हणून पुढे द्यावा. बावीस वर्षांत ढोल एकही चोरीला गेला नाही, आणि दारात मान खाली घालून उभी राहिलेली मुलगीही मला पुन्हा दिसली नाही. एकदा एका गावच्या यजमानांनी विचारले, "बाई, तुमच्या या सहा पोरी नास्तिक आहेत का?" मी म्हटले, त्या चौकीदार आहेत.

गमतीची गोष्ट ही की, काही आचार कोणाला शिकवावे लागले नाहीत. ढोलाला पाय लागू द्यायचा नाही, लागला तर हात लावून नमस्कार करायचा, हे हिंदू मुली घरूनच घेऊन येत. चार दिवसांत बाकीच्याही ढोल ओलांडायच्या बंद होत. खंडेनवमीला वाद्यांची पूजा होई तेव्हा ज्यांना हळदकुंकू वाहायचे त्या वाहत, आणि ज्यांना नको त्या आदल्या दिवशी बसून पितळी बिगुल चिंचेने घासून लख्ख करीत. पूजा कोणाची मोठी, हे मला आजही सांगता येणार नाही.

कोणी म्हणेल, बाई, एवढे जपायचे कशाला? पथकात यायचे तर सगळ्यांबरोबर सगळे करावे. हा विचार मला मान्य नाही, आणि तो आपल्या घटनेलाही मान्य नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवाचून धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, असे घटनेच्या २८ व्या कलमात आहे. आपले पथक शाळेचे नाही, हे खरे. पण शाळेने जे करू नये ते मंडळाने करावे काय? केरळात १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढून टाकले होते. ती जेहोवाज विटनेस नावाच्या ख्रिस्ती पंथातली मुले. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. प्रार्थनागीत देवाखेरीज कोणाचे गायचे नाही, अशी त्यांची श्रद्धा. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. मला स्वतःला राष्ट्रगीत न गाणे कसेसेच वाटते, हे मी लपवीत नाही. परंतु उभी राहिली होती ना ती? मान राखला होता ना? त्यापुढे ओठ हलवायची सक्ती करून आपण काय मिळवणार होतो?

आणि अमरावतीकरांनी तर हे विसरू नये की, देवळाच्या पायरीचा प्रश्न या गावाने फार मोठा करून पाहिलेला आहे. आपली अंबादेवी. १९२७ साली तिच्या दारात अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली, पंजाबराव देशमुख तिच्यात पुढे होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी अमरावतीला आले होते. त्या वेळी ज्यांना आत येऊ दिले नाही त्यांच्या पणत्यांना आज आपण "आत का येत नाहीस" म्हणून दटावणार असू, तर ते कोणत्या तोंडाने?

तेव्हा त्या आईने जे विचारले त्याचे माझे उत्तर असे. मुलगी कावडीला येणार नाही, न येवो. तिची जागा पथकात राहील. २६ जानेवारीला, शिवजयंतीला, शाळेच्या संमेलनाला ती पहिल्या ओळीत होती तेथेच राहील. एका धार्मिक मिरवणुकीला न आल्यामुळे ढोल काढून घ्यायचा असा पायंडा पडला, तर चार वर्षांत आपल्या पथकात एकाच आळीच्या मुली उरतील. मास्तरांची तक्रार आहे की, एक ढोल कमी झाला तर ताल पांगळा होतो. होईल थोडा. त्यांनी बसवून घ्यावा. आणि १४ एप्रिलला पथकाला बोलावणे येईल तेव्हा ज्या घरांना ते जमणार नाही असे वाटेल, त्यांनाही हीच मोकळीक राहील. ती घरे तेव्हा काय करतात, याकडे मात्र माझे लक्ष राहणार आहे.

ज्यांनी निरोप धाडला त्या बाईंकडे मी काल जाऊन आले. मुलगी येणार आहे. अकोल्याच्या मिरवणुकीत वाजवण्याला त्यांची हरकत नाही. वाजवणे हे काम आहे, त्यात कोणाचे काय जाते, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे कित्येक लग्नांत आणि मिरवणुकांत बँड वाजवणारे मुसलमान कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे त्यांनीच मला हसत सांगितले. देवळात मात्र ती जाणार नाही. शुक्रवारी परतीच्या वाटेवर पाऊण तास मिळाला तर बरे, एवढे मागणे आहे. गाडी दुपारी तीननंतरची काढली आहे.

आता पथकाची मिळून अशी काही प्रार्थना असावी की नसावी? असावी असे माझे मत आहे. तरुण मुली घराबाहेर पाच दिवस एकत्र राहतात, त्यांना दिवसात एक वेळ शांत बसण्याची गरज असते. नाहीतर झोपेपर्यंत मोबाइल आणि भांडणे, एवढाच कार्यक्रम उरतो. अमेरिकेत बाविशीच्या आतल्या मुलामुलींची मोठमोठी बँडपथके आहेत. उन्हाळाभर बसमधून गावोगाव फिरतात, शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर पथारी टाकून झोपतात. शेकडो मैलांच्या त्या धावपळीत रविवारची प्रार्थना नेमकी कोणत्या तासात बसवायची, हा प्रश्न तिकडच्या आयांनाही पडतोच. आपल्याला उत्तरासाठी इतके लांब जावे लागत नाही. तिवशाच्या वाटेवर मोझरी आहे.

तुकडोजी महाराजांनी १९३५ साली तेथे गुरुकुंज आश्रम उभारला. खंजिरी घेऊन हा माणूस आयुष्यभर दौऱ्यावरच होता. खेड्यापाड्यांत, १९४२ ला तुरुंगात, १९५५ ला जपानच्या विश्वधर्म परिषदेत, १९६२ नंतर सीमेवरच्या जवानांपुढे. आणि जेथे जातील तेथे सायंकाळची सामुदायिक प्रार्थना. ओळीने बसायचे, वेळ ठरलेली, लहानथोर एका पंक्तीत. तिने खेड्यातल्या माणसाला वेळेवर येऊन शिस्तीने बसायला शिकवले, हे मला भजनाइतकेच मोठे वाटते. ग्रामगीतेत प्रार्थनेवर त्यांनी वेगळे विवेचन केले आहे, ते काढून वाचा. आजही आश्विनात त्यांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मोझरीला हजारो माणसे एकदम स्तब्ध उभी राहतात, आणि मग निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात. मी तेथे दोनदा उभी राहिले आहे. एवढ्या गर्दीत लहान मूलसुद्धा रडत नाही.

त्यावरून आमच्या बँडमध्ये आम्ही असे करीत होतो. मुक्कामाला पोचले, हातपाय धुतले की दहा मिनिटे सर्वांनी गोल करून बसायचे. पहिली पाच मिनिटे कोणी काही बोलायचे नाही. ज्याने त्याने आपले म्हणावे. पुढच्या पाच मिनिटांत रोज एका मुलीने आपल्या घरी जे म्हणतात ते म्हणायचे. कोणी रामरक्षेतले म्हणे, कोणी त्रिसरण-पंचशील, कोणी नवकार मंत्र, एकदा एकीने ख्रिस्ती भजन ओवीसारखे म्हटले. बाकीच्यांनी फक्त ऐकायचे, मागून म्हणायचे नाही. म्हणजे कोणाला दुसऱ्याचे तोंडातून काढावे लागत नाही, आणि कोणाचे कानाबाहेरही राहत नाही. ज्या मुलीला काहीच म्हणायचे नसेल तिने गप्प बसावे. अशीही एक हुशार मुलगी होती, तिचा देवावर विश्वास नव्हता, तिच्या पाळीच्या दिवशी ती गोलात बसून सगळ्यांच्या ड्रमच्या काड्या पुसायची.

हे झाले की मुली मोठ्याने हसू लागत. का ते मला कधी कळले नाही. पण त्यानंतरचे जेवण नेहमी बरे होई.

गाडगेबाबांचा उल्लेख केल्यावाचून या गावात भाषण पुरे होत नाही, आणि तो मी शोभेसाठी करीत नाही. शेंडगावात १८७६ साली जन्मलेला, १९५६ च्या डिसेंबरात येथेच विसावलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा घेई. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन. दौऱ्यावरच्या पथकाने हा क्रम उचलण्याजोगा आहे. ज्या शाळेत वा धर्मशाळेत मुक्काम होईल ती जागा सोडताना मुलींनी झाडून द्यावी. संडाससुद्धा. त्याला कोणत्याच धर्माची हरकत आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. कंटाळ्याची येते, ती ऐकायची नाही.

मला दिलेली वेळ संपत आली. दौऱ्याचा एक कागद मी लिहून आणला आहे. त्यात प्रत्येक मुलीपुढे चार रकाने आहेत: उपासाचे वार, न चालणारे पदार्थ, देवळात जायचे की पहाऱ्यावर राहायचे याची मोकळीक मान्य असल्याची आईची सही, आणि दुखण्याखुपण्याची माहिती. धर्म किंवा जात असा रकाना ठेवलेला नाही. कागद चिटणीसबाईंकडे देते. येत्या रविवारपर्यंत भरून यावा. शेंगदाण्याचे लाडू दोनशे लागतील. ज्यांना करायचे असतील त्यांनी आजच नावे द्यावीत, कारण मागच्या खेपेस सगळ्यांनी चिवडाच केला होता.